कशासारखी ही गिटार

४ नोव्हेंबर

आलो एकदाचा लेकीकडे, आणि आता कायमचाच. ट्रंक जिन्यावरून चढवताना जावयांना घाम फुटला. विटा भरल्यात की काय, म्हणाले. मी म्हटलं, विटांपेक्षा जड माल आहे, शाळेची क्रमिक पुस्तकं आहेत, पहिलीपासून अकरावीपर्यंतची. लेक खालून ओरडली, मी पैज लावली होती, बाबा सदरे विसरतील पण कविता विसरणार नाहीत! सदरे खरंच दोनच निघाले. पैज कोणाशी लावली होती कोण जाणे, पण ती जिंकली.

वरची खोली मला दिली आहे. खिडकीसमोर सायकलदुरुस्तीचं दुकान, त्याला लागून धुलाईचं, कोपऱ्यावर दवाखाना. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. खोली नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखी वाटते, काहीतरी लिहावं असं वाटायला लावणारी. दारामागच्या खुंटीला वडिलांचा जुना कोट लावला. घालत नाही, पण तो टांगलेला नसला की खोली माझी वाटत नाही. हिची शाल ट्रंकेत सगळ्यात वर आहे. ती अजून बाहेर काढवत नाही. ही जाऊन वर्ष झालं, तरी झाकण उघडून नुसता हात फिरवतो आणि परत लावतो.

नकाशांच्या कचेरीत जन्म गेला. तिथे साहेब ओरडायचे, नदी झुळझुळती नसते हो, नदी अमुक फूट रुंद असते! नकाशात विशेषण चालत नाही. मी मान डोलवायचो आणि घरी येऊन रोजनिशीत नदीला हवं ते म्हणून घ्यायचो. ही म्हणायची, कचेरीतली उपाशी विशेषणं घरी जेवायला येतात.

नात आता कॉलेजात जाते. दिवसभर गात असते. आंघोळ करताना, जिना उतरताना, बुटांच्या नाड्या बांधताना. आवाज किंचित घोगरा, वर चढताना एखादी पायरी गाळून उडी मारणारा. अगदी लहान होती तेव्हा मी फोनवरून तिला कविता म्हणून दाखवायचो. लेक सांगते, ती बोलायला लागली तीच मुळी माझ्या चालीत. आज तिने हाक मारली, आजोबा, चहा! आणि या घरात मी उपरा आहे ही भावना कपबशीत विरघळून गेली.

६ नोव्हेंबर

आज नात एक गिटार घेऊन आली. विजेवर वाजणारी, जुन्या वाद्यांच्या दुकानातली. दुकानदाराला तिच्याबद्दल काही सांगता आलं नाही, घरगुती सामानाच्या ढिगात आली म्हणाला. लेक म्हणाली, आणखी एक अडगळ. जावई म्हणाले, तुझे बाबा आले तेव्हा नाही म्हणालीस ते! मग तेच जीभ चावून माझ्याकडे बघायला लागले. मी मनापासून हसलो.

अडचण अशी की तारा जिथे टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेला लोखंडाचा एक छोटा टेकू असतो, त्यातला एक नाही. नातीच्या गिटारच्या सरांनी सांगितलं, टेकू मागवू, पण आधी मॉडेल कोणतं ते कळलं पाहिजे. एकाचा टेकू दुसऱ्याला बसत नाही. आणि डोक्यावर जिथे कंपनीचं नाव असतं तिथे काहीच नाही. महिनाअखेर कॉलेजात कार्यक्रम आहे, त्यात तिला हीच गिटार वाजवत स्वतः केलेलं गाणं म्हणायचं आहे. दुसरी का नको विचारलं, तर म्हणाली, दुकानात हात लावला तेव्हा ही माझ्याकडे बघत होती. पोरीने आजोबांचं रक्त घेतलंय, दुसरं काय!

मग मला म्हणाली, आजोबा, तुम्ही जन्मभर नकाशे काढलेत, हिचा पत्ता काढून द्या. झालं. म्हातारा कामाला लागला.

८ नोव्हेंबर

बाजारामागच्या गल्लीत वाद्यं दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. वरच्या खिशात कायम नट पिळायचा पान्हा असतो म्हणून नात त्याला पान्हाकाका म्हणते. त्याला गिटार दाखवली. त्याने हातात घेतली नाही. टेबलावर ठेवा म्हणाला, आणि लांबूनच बघत राहिला. मग म्हणाला, घरी न्या, उघडा, मापं लिहून आणा. मी म्हटलं, मापंही लिहीन आणि वर्णनही करीन, मला सवय आहे. तो एकदम खेकसला, वर्णन नको! कविता करायला बसू नका. माप म्हणजे माप.

साहेबांची आठवण झाली. विशेषणांचे शत्रू सगळ्या गावांत असतात.

९ नोव्हेंबर

दिवस फार सुखात गेला. टेबलावर जुनं पांघरूण अंथरलं, कचेरीतली पोलादी पट्टी काढली, आणि गिटार उघडली.

मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली आहे. सांध्यावर पोलादी पत्रा, त्यावर नंबर कोरलेला असतो म्हणतात. इथे गुळगुळीत. मान सोडवली, तिच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का असतो. नाही. आवाज कमीजास्त करायच्या चकत्यांच्या पाठीवर बारीक आकडे असतात. तेही नाहीत. कोणी खरवडले म्हणावं तर ओरखडा नाही. तारेची लांबी मोजली. नात म्हणते, बाजारात दोनच मापं जास्त चालतात, त्यावरून अर्धी ओळख पटते. ही गिटार दोन्हींच्या बरोबर मधोमध. रंग सांगता येत नाही, म्हणजे रंगच नाही. राखाडी म्हणावं तर राखेलाही काही छटा असते.

पण आमचे मास्तर शिकवायचे, ज्या वस्तूला उपमा सुचत नाही ती वस्तू तुम्ही अजून पाहिलेलीच नाही. म्हणून पान्हाकाकासाठी मापं वेगळ्या कागदावर लिहिली, आणि इथे माझ्यापुरतं लिहितो: हिच्या खुंट्यांच्या पिवळट टोप्या माझ्या वडिलांच्या कोटाच्या बटणांसारख्या आहेत.

लिहिलं आणि बरं वाटलं. वस्तू जरा जवळ आली.

११ नोव्हेंबर

कोटाची बटणं गेली. सगळी. तुटली असती तर दोरे लोंबले असते, कापडाला भोकं राहिली असती. कापड असं सरळ आहे की तिथे बटण कधी शिवलंच नव्हतं. लेकीला विचारलं तर म्हणाली, बाबा, त्या कोटाला बटणं होती का हो कधी? नुसता टांगलेलाच बघितलाय मी. आता काय बोलणार! वय झालं की आपलीच साक्ष आपल्याला पुरत नाही.

खुंट्या परवा नीट बघितल्या नव्हत्या असं दिसतं. प्रत्येक टोपीला चार बारीक छिद्रं आहेत, आणि छिद्रांत तपकिरी दोऱ्याचा तुकडा. गिटारला दोरा कशाला? पान्हाकाकाला विचारायला हवं.

गिटार पुन्हा जोडली आणि खिडकीत धरली. उन्हात आत कुठेतरी निळं चमकलं. किती वेळ बघत राहिलो. निळे पुष्कळ असतात, आभाळाचा वेगळा, शाईचा वेगळा. हा निळा मला माहीत होता. हा रंग हिच्या शालीसारखा आहे.

१२ नोव्हेंबर

आज घरात आनंदीआनंद! सकाळी नात ओरडतच आली, आजोबा, पॉलिश केलंत? सांगायचं तरी! बघतो तो गिटार निळीभोर. गडद आणि मऊ असं निळं. वरच्या लाखेत केसाएवढ्या रेघा, जुन्या वाद्यांवर असतात तशा. मी पॉलिश केलं नाही म्हटलं तर कोणी ऐकेना. जावई म्हणाले, बाबांना श्रेय नको असतं. मीही मग नाकारायचं सोडलं. ऊन लागून मूळ रंग वर आला असेल.

सरांनी दुसऱ्या कुठल्याशा गिटारचा टेकू घासून तात्पुरता बसवून दिला. दुपारी नातीने ती आवाज मोठा करायच्या पेटीला जोडली आणि पहिली तार छेडली. आम्ही सगळे खालच्या खोलीत होतो. लेकीच्या हातात झाडू तसाच राहिला.

काय सांगू! सूर उगवला, किंचित घोगरा, आणि वर जाताना मध्येच एक पायरी गाळून त्याने उडी घेतली. नात स्वतःच हसली, म्हणाली, अगं बाई, ही तर माझी नक्कल करते. मी जिना चढून कसाबसा टेबलाशी आलो, सुचलेलं निसटू नये म्हणून. या गिटारीचा आवाज माझ्या नातीच्या आवाजासारखा आहे. याहून खरी उपमा मी जन्मात केली नाही.

१३ नोव्हेंबर

सकाळी चहाची हाक आली नाही.

खाली गेलो. नात टेबलाशी बसली होती. तोंड उघडत होती आणि काही येत नव्हतं. घसा बसतो तेव्हा निदान वारा येतो, खरखर येते. हिच्या तोंडून काहीच नाही. आधी तिला गंमत वाटली, कागदावर लिहिलं, आजोबा, आता तुमच्या सगळ्या कविता ऐकाव्या लागणार, पळता येणार नाही. मग खोकून बघितलं. खोकल्यालाही आवाज नव्हता. तेव्हा तिचा चेहरा बदलला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून घसा तपासला. सूज नाही, लाली नाही, सगळं निरोगी आहे म्हणाल्या. लेकीने तीनतीनदा विचारलं, मग बोलत का नाही? बाई म्हणाल्या, मला कळत नाही.

घरी आल्यावर नातीच्या गळ्याला गुंडाळायला हिची शाल काढली. झाकण उघडलं.

शाल पांढरी आहे. पांढरीही नाही. रंगच नाही तिला.

मी शाल तशीच घडी करून ठेवली. कोणाला दाखवली नाही. कोटाकडे बघितलं. मग ही रोजनिशी मागे चाळली, आणि माझेच शब्द एकामागून एक समोर आले. बटणं. शाल. आणि कालचं.

१४ नोव्हेंबर

पान्हाकाकाकडे एकटाच गेलो. गिटार कापडात गुंडाळून नेली होती. कापड बाजूला केल्याबरोबर तो म्हणाला, ही तुम्ही आणली होती ती नव्हे. मग खुंट्या बघितल्या, आणि दुकानाचं दार लावून घेतलं.

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. कारखान्यात नवं मॉडेल काढायचं तर आधी एक कोरं वाद्य करतात. नाव नाही, नंबर नाही, रंग नाही. त्यावरून पुढचं ठरतं. बहुतेकांचं ठरतं. एखादं न ठरताच राहून जातं. मग ते आपण कशासारखे हे विचारत हातोहात फिरतं, आणि कोणी सांगितलं की ते घेतं. त्याच्या उस्तादांकडे असं एक आलं होतं. उस्तादांनी सहज म्हटलं, याच्या लाकडाला माझ्या अंगणासारखा वास आहे. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर समोर भिंत. अंगण नाही. उस्तादांनी ते वाद्य कुऱ्हाडीने फोडलं. अंगण परत आलं नाही, आणि पुढे येण्याची वाटही बंद झाली.

मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, बाबा? तो म्हणाला, सांगितलं की, वर्णन नको म्हणून. याहून जास्त सांगितलं असतं तर तुम्ही हसून पुढच्या दुकानात गेला असता. मग खाली बघून म्हणाला, मनात आणलेलं ते ऐकत नाही. बोललेलं आणि लिहिलेलं ऐकतं. नातीचं काय, ते त्याला ठाऊक नव्हतं.

फोडायची नाही. तिच्यात नातीचा आवाज आहे.

१५ नोव्हेंबर

रात्रभर एकच विचार. उपमा उलटवली तर? चंद्रासारखं मुख म्हणतात, तसं मुखासारखा चंद्रही म्हणता येतं. दिलेलं मागे येईल. आधी शालीवर करून बघतो, नातीवर नाही.

हिची शाल या गिटारीसारखी निळी आहे.

दुपार — शाल निळी झाली. आनंदाने उचलायला गेलो. उचलली तशी ती अख्खीच्या अख्खी वर आली, फळीसारखी. गार. कडक. चकचकीत लाख, आणि लाखेत केसाएवढ्या रेघा. घडी उलगडायला गेलो तर कडेचा टवका उडाला.

नातीच्या बाबतीत हे करणार नाही. मेलो तरी नाही.

१६ नोव्हेंबर

लेक सकाळी न्हाणीघरातून ओरडली, साबणाच्या वड्या कोणी खाल्ल्या का? काल रात्री तर इथेच होत्या! मी काल संध्याकाळी रागारागात गिटारीला तोंडावर सुनावलं होतं, तुझ्या खुंट्या कसल्या बटणांसारख्या, झिजलेल्या साबणाच्या वड्यांसारख्या आहेत! तेच झालं. बोललेलंही ऐकतं.

पण कोटाला बटणं आली! घट्ट शिवलेली, वडिलांच्या वेळची, एक किंचित तडकलेलं तेसुद्धा तसंच. हात लावून बघितलं, बटणंच आहेत, अगदी बटणं.

म्हणजे एका जागी एकच उपमा मावते. नवी दिली की जुनी सुटते.

आवाजाला नवी उपमा द्यायची. बस्स. एवढंच करायचं. जन्मभर दुसरं केलं काय आपण!

१७ नोव्हेंबर

या गिटारीचा आवाज सायकलच्या घंटीसारखा आहे. नाही. समोरच्या दुकानात घंटी वाजतेच आहे.

किटलीसारखा. नाही. करवतीसारखा, दाराच्या बिजागरीसारखा, चिमण्यांसारखा, कचेरीच्या घंटेसारखा. नाही, नाही.

खोटी उपमा ती घेत नाही. साबणाची खरी होती, खुंट्या तशा दिसतच होत्या. हे सगळं मी नातीला वाचवायला रचतोय आणि गिटारीला ते कळतं. मास्तर असते तर त्यांनीही लाल रेघ मारली असती.

गिटार कपाटात कोंडली होती. नातीने कपाट उघडायला लावलं. आपला आवाज तिथेच आहे, हे तिला कोणी न सांगता कळलंय. मांडीवर घेऊन बसली आहे. आता कागदावरही लिहीत नाही. काही हवं असलं की तार छेडते.

आणि आम्हाला कळतं. हेच भयंकर आहे. लेक स्वयंपाकघरातून उत्तर देते — हो गं, आणते पाणी — आणि मग उत्तर कोणाला दिलं ते लक्षात येऊन ओट्याला धरून उभी राहते.

१८ नोव्हेंबर

दुपारी खालून हाक आली, आजोबा.

धावत उतरलो, गुडघे विसरून. नात खिडकीशी उभी होती. गिटार खुर्चीवर होती. तिच्याजवळ कोणी नव्हतं. तारा हलत होत्या.

पुन्हा म्हणाली, आजोबा. गोड. घोगरी. पायरी गाळून.

नातीने वळून बघितलंसुद्धा नाही. ओठ आता हलतही नाहीत तिचे. डोळे — नको. लिहीत नाही डोळे कसे आहेत. कशासारखेही लिहीत नाही.

जावई उद्या सकाळी तिला मोठ्या इस्पितळात नेणार. तिथे काय सापडणार? घसा निरोगी आहे. लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, बाबा, काहीतरी करा हो. असं तिने लहानपणी बाहुली मोडली तेव्हा म्हटलं होतं.

आणि ही गिटार आता कोणी सांगेपर्यंत थांबत नाही, स्वतःच विचारते. जावई गाडीच्या किल्ल्या शोधत होते, तर तीच म्हणाली नातीच्या आवाजात — बाबा, मी कशासारखी दिसते?

ते उत्तर देणार होते. मी टेबलावरचा पेला ढकलून फोडला. काचा झाल्या, बोलणं राहिलं.

आज वाचलो. उद्या कोण पेला फोडेल?

१९ नोव्हेंबर

पहाटेपासून गिटार वर आणून तिला कान लावून बसलो आहे. खरी उपमा हवी. तिच्या आवाजाच्या तोडीची, तिच्या आवाजाच्या आतली.

सापडली.

घोगरेपणाच्या खाली आहे. लहान पोर फोन कानाला लावून ऐकते आहे, आणि पलीकडे एक माणूस कवितेमागून कविता म्हणतो आहे. ती उडी, ती गाळलेली पायरी — ते माझं यमकाआधी थांबणं आहे. तिने ते उचललं. तिचा आवाज माझ्या शब्दांवर वाढला. हे खोटं नाही. यात रचलेलं काहीच नाही.

इतकं खरं आहे की मला भीती वाटते.

शब्दांखेरीज माझ्याकडे आहे काय? हिचा चेहरासुद्धा मला शब्दांत आठवतो. ते गेले तर हीदेखील जाईल. मी कोण, ही लेक कोण, हा रस्ता कुठला —

गाडी दारात आली. जावई हॉर्न वाजवतायत. उशीर करून चालणार नाही.

बाळे, आधी तुझ्यासाठी लिहितो, नंतर लिहिता येईल न येईल. ती गिटार पान्हाकाकाला दे. पुन्हा हात लावू नकोस. ती काहीही विचारो, कोणाच्याही आवाजात विचारो, कशासारखी ते सांगू नकोस. मला काही विचारलंस आणि मी नुसता बघत राहिलो तर रागावू नकोस. दुसऱ्या गिटारीवर गा. आईला सांग, तिच्या बाबांनी केलं. घाबरू नका कोणी. मी घाबरलोय तेवढं पुरे.

आता.

या गिटारीचा आवाज माझ्या शब्दांसारखा आहे.

थांबलो आहे. काही होत नाही. ऊन तसंच टेबलावर — सायकलवाला हातोडी —

हसली.

खाली हसली! ती, ती स्वतः! घोगरं, मोठ्याने, आईच्या गळ्यात पडून — आईही रडतेय, दोघी — मला हाक मारते, आजोबा, आजोबा, ऐकलंत का —

ऐकलं गं. ऐकलं.

आणि तीही सुरू झाली. तारांची ती. कविता म्हणतेय. तिसरीच्या पुस्तकातली, मग चौथीच्या — माझ्या थांबण्यासकट — एकेक म्हणते आणि इथून एकेक —

पायऱ्यांवर पावलं. येतेय वर. माझी — मुलीची मुलगी. तिला काय म्हण— शब्द आहे त्याला, लहानसा आहे —

दारात उभी. हसते. फार सुंदर दिस— कशी दिसते, ती जणू — जणू —

पांढरं, उजेडाचं, सकाळी येतं ते —

ती विचारते, बरे आहात ना, आ—

मला सांगाय